ग्रीन कार्डवर आलेल्या आई-वडिलांचा २०२६ चा आरोग्यविमा: कमी उत्पन्नाला शून्य सबसिडी

मुलगा अमेरिकन नागरिक, डॅलसजवळच्या उपनगरात बायको आणि दोन मुलांसह राहणारा. त्याने कोथरूडहून आई-वडिलांना ग्रीन कार्डवर बोलावून घेतलं. दोघं ऑगस्ट २०२४ मध्ये पोचले. २०२६ मध्ये वडील ६७ वर्षांचे, आई ६२ ची. वडिलांना मधुमेह, हृदयात एक स्टेंट. मुलाच्या कंपनीचा विमा बायको-मुलांपुरता आहे. आई-वडिलांना त्यात घेता येत नाही, आणि बहुतेक कंपन्यांत असंच असतं. हे कुटुंब नमुन्याचं आहे. त्यांचं उत्पन्न, विम्याचे दर आणि ८८ रुपयांचा डॉलर हे हिशोबासाठी धरले आहेत. नियम, टक्के आणि मर्यादा मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

२०२५ मध्ये दोघांना हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी मार्केटप्लेसवर सिल्व्हर (मधल्या दर्जाचा) प्लॅन जवळपास फुकट मिळाला होता. डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) किरकोळ, स्टेंटच्या गोळ्या नाममात्र पैशांत. २०२६ चं बिल आलं ते दोघांचे मिळून महिना २,५२५ डॉलर. प्लॅन तोच, कंपनी तीच, दोघांचं उत्पन्नही तेच. बदलला तो कायदा, आणि तो एकाच वेळी तीन ठिकाणी बदलला. मुलाने बातम्यांत त्यातली एकच जागा वाचली होती आणि तिचा आई-वडिलांशी फारसा संबंध नव्हता.

कोणता बदल लागू होतो, कोणता नाही

बातम्यांतला बदल म्हणजे वाढीव सबसिडी संपणं. २०२१ पासून प्रीमियम टॅक्स क्रेडिट, म्हणजे विम्याच्या हप्त्यासाठीची सरकारी सबसिडी, वाढवलेलं होतं. दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांना बेंचमार्क (सबसिडी ज्यावरून मोजतात तो) सिल्व्हर प्लॅन शून्य हप्त्यात मिळे आणि चौपटीच्या वर असलेल्यांनाही उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांवर भार पडत नसे. याच मुद्द्यावरून ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारचं कामकाज ४३ दिवस बंद राहिलं. ३१ डिसेंबर २०२५ ला ही वाढीव सोय संपली. २०२६ साठी जुनं कोष्टक परत आलं: दारिद्र्यरेषेच्या १३३ टक्क्यांच्या खाली स्वतःचा वाटा उत्पन्नाच्या २.१० टक्के, तिथून चढत जाऊन ३०० ते ४०० टक्क्यांच्या दरम्यान ९.९६ टक्के, आणि ४०० टक्क्यांच्या वर काहीच नाही. तेवढाच बदल झाला असता तर या जोडप्याचा हप्ता शून्यावरून महिना साधारण चोवीस डॉलरवर गेला असता, २,५२५ वर नाही.

खरा घाव दुसऱ्या बदलाचा. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या ‘वन बिग ब्युटिफुल बिल’ कायद्याच्या ७१३०२ व्या कलमाने एक जुनी तरतूद रद्द केली. मूळ कायद्यात सबसिडी १०० टक्के दारिद्र्यरेषेपासून सुरू होते, कारण त्याखालच्यांना मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) मिळेल असं गृहीत धरलेलं होतं. पण ग्रीन कार्ड मिळाल्यावर पहिली पाच वर्षं साधारणपणे मेडिकेड मिळत नाही. टेक्सासमध्ये तर त्यापुढेही सामाजिक सुरक्षेच्या ४० तिमाह्यांची, म्हणजे तो कर भरून केलेल्या साधारण दहा वर्षांच्या कामाची, अट आड येते. म्हणून अशा स्थलांतरितांना १०० टक्क्यांच्या खालीही क्रेडिट द्यावं, असा अपवाद कायद्यात होता. १ जानेवारी २०२६ पासून तो अपवाद नाही. मेडिकेड पाच वर्षांच्या अटीमुळे बंद आणि सबसिडी उत्पन्न कमी म्हणून बंद.

तिसरा बदल ७१३०५ व्या कलमाचा. आगाऊ मिळालेलं क्रेडिट वर्षअखेरच्या हिशोबात जास्त निघालं, तर परतफेडीला पूर्वी मर्यादा होती. २०२५ पर्यंत २०० टक्क्यांच्या खालच्या जोडप्याला जास्तीत जास्त ७५० डॉलर परत करावे लागत. २०२६ च्या कर-वर्षापासून ती मर्यादाच काढून टाकली आहे.

व्हॉट्सॅप ग्रुपांवर एक चौथी गोष्ट फिरते: ‘आता ग्रीन कार्डवाल्यांनाही सबसिडी नाही.’ हे चूक आहे. १ जानेवारी २०२७ पासून क्रेडिट ज्या थोड्या गटांपुरतं उरेल त्यात ग्रीन कार्डधारक आहेत. बाहेर पडतील ते एच-१बी, एल-१, विद्यार्थी व्हिसावाले आणि ग्रीन कार्डचा अर्ज अजून प्रलंबित असलेले. ज्यांच्या आई-वडिलांचा अर्ज अमेरिकेतच चालू आहे, त्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

रेघ कुठे आहे आणि हे जोडपं कुठे आहे

२०२६ च्या विम्यासाठी २०२५ ची दारिद्र्यरेषा वापरतात. ४८ राज्यांत एका माणसाला १५,६५० डॉलर, पुढच्या प्रत्येकाला ५,५०० जास्त. दोघांच्या घराला १०० टक्के म्हणजे २१,१५० आणि ४०० टक्के म्हणजे ८४,६००.

दोघांचं वार्षिक उत्पन्न असं: वडिलांचं बँकेतलं निवृत्तिवेतन ५,४०,००० रुपये, मुदत ठेवींचं व्याज ३,८५,०००, कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं ३,३६,०००, आईच्या पीपीएफचं व्याज ९९,४००. एकूण १३,६०,४०० रुपये, म्हणजे साधारण १५,४५९ डॉलर.

इथेच पहिली चूक होते. मार्केटप्लेसला ढोबळ उत्पन्न नको असतं, अमेरिकन करपत्रकावर उतरणारा आकडा हवा असतो. ग्रीन कार्डधारकाचं जगभरातलं उत्पन्न त्यात येतं. ठेव एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात असल्याने भारतात व्याज करमुक्त आहे, म्हणून अमेरिकेतही ते सोडून दिलं, असं सर्रास घडतं. पण भारतातली करमाफी अमेरिकेत चालत नाही. पीपीएफचं व्याजही त्याच सावध हिशोबाने धरलेलं बरं.

भाड्याचं मात्र उलटं. भारतातली सरसकट ३० टक्के वजावट अमेरिकेत नाही, त्याऐवजी प्रत्यक्ष खर्च आणि घसारा वजा होतो. परदेशातलं राहतं घर भाड्याने दिलं तर इमारतीच्या किमतीचा घसारा ३० वर्षांत विभागतात. जमिनीची किंमत त्यात येत नाही. इमारतीचा हिस्सा २४ लाख धरला तर वर्षाला ८०,००० रुपये घसारा, सोसायटीचा मेंटेनन्स ४२,०००, मालमत्ता कर १४,०००. ३,३६,००० मधून १,३६,००० गेले, उरले दोन लाख. घसारा घ्यायचा की नाही हे आपल्या हातात नसतं. न घेतला तरी फ्लॅट विकताना तो घेतलाच होता असं धरतात.

असं करून करपत्रकावरचं उत्पन्न १२,२४,४०० रुपये, म्हणजे १३,९१४ डॉलर. रेघेच्या ७,२३६ डॉलर खाली.

मुलगा खर्चाला देतो ते पैसे यात नाहीत. ती भेट आहे, उत्पन्न नाही. अर्जात ते उत्पन्न म्हणून दाखवून रेघ ओलांडणारे आहेत, पण करपत्रकावर ते पैसे कुठेच येत नाहीत आणि वर्षअखेरीला गणित कोसळतं.

मुलाच्या करपत्रकावर घेतलं तर?

पहिला विचार बहुतेकांना हाच सुचतो. आश्रित नातेवाईक ठरायला स्वतःचं ढोबळ उत्पन्न २०२५ मध्ये ५,२०० डॉलरपेक्षा कमी लागत होतं. ही मर्यादा दरवर्षी थोडी सरकते. वडिलांचं निवृत्तिवेतनच ६,१०० च्या पुढे जातं, म्हणजे ते बसत नाहीत. आईचं व्याज १,१३० डॉलर, ती बसू शकते. पण तिला मुलाच्या पत्रकावर घेतलं की नवरा-बायकोचं संयुक्त पत्रक राहत नाही, आणि विवाहित असून वेगळं पत्रक भरणाऱ्याला टॅक्स क्रेडिट मिळत नाही. वडील तिथेच बाद. आईचा हिशोब मग मुलाच्या घरात धरला जातो: पाच माणसं, ४०० टक्क्यांची रेघ १,५०,६०० आणि मुला-सुनेचं उत्पन्न समजा १,८५,०००. तीही बाद. हा रस्ता बंद.

विना-सबसिडी काय उरतं

मार्केटप्लेसचे दर वयाच्या ठरलेल्या गुणकाने चढतात: २१ व्या वर्षी १, ६२ व्या वर्षी २.८७३, ६४ आणि पुढे ३. त्यांच्या भागात २१ वर्षांच्या माणसाला बेंचमार्क सिल्व्हर ४३० डॉलर धरला तर वडिलांना १,२९० आणि आईला १,२३५. हेच ते २,५२५, वर्षाला ३०,३०० च्या आसपास. क्रेडिट गेलं की कॉस्ट शेअरिंगची, म्हणजे उपचारांतल्या स्वतःच्या वाट्यावरची, सवलतही जाते. १५० टक्क्यांपर्यंतच्या उत्पन्नाला सिल्व्हर प्लॅन सरासरी ९४ टक्के खर्च उचलतो. सवलत गेली की तोच प्लॅन ७० टक्क्यांच्या आसपास येतो.

पाहुण्यांसाठीचा व्हिजिटर इन्शुरन्स स्वस्त दिसतो, पण मधुमेह आणि स्टेंट हे त्याच्या दृष्टीने जुने आजार. ‘अचानक बळावल्यास’ एवढ्याच शब्दांवर दावा अडतो. पुन्हा छातीत दुखलं तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न ‘हे आधीपासून होतं का’ हाच असेल. ‘परवडत नसेल तर व्हिजिटर पॉलिसी घ्या’ हा सल्ला या वडिलांना देऊ नये.

मेडिकेअरचंही, म्हणजे ६५ पुढच्यांच्या सरकारी विम्याचंही, दार अजून बंद आहे. ६५ पूर्ण झाली तरी स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या ४० तिमाह्या नसतील, तर ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं वास्तव्य लागतं. मुलाने भरलेला सामाजिक सुरक्षेचा कर आई-वडिलांच्या कामी येत नाही.

रेघ खरोखर ओलांडणं

कायद्याने तळाशी कडा ठेवला आहे. वरच्या, ४०० टक्क्यांच्या कड्याची सगळीकडे चर्चा झाली, खालच्याची नाही. १३,९१४ डॉलर कमावणाऱ्या जोडप्याला शून्य मदत आणि २१,२०० कमावणाऱ्याला वर्षाला २९,८०० च्या घरात. म्हणून इथे उत्पन्न लपवण्यात नाही, वाढवण्यात हित आहे. भारतीय कर-सवयीच्या हे अगदी उलट जातं आणि सल्लागारांना इथेच सर्वात जास्त समजावून सांगावं लागतं.

वाढ खरी हवी. नातवंडं सांभाळण्याचा पगार फक्त कागदावर दाखवणं म्हणजे खोटी माहिती देणं. दोन सरळ रस्ते आहेत.

एक म्हणजे अर्धवेळ नोकरी. ग्रीन कार्डवर काम करायला मुभा आहे. आईने किराणा दुकानात तासाला ११ डॉलरने आठवड्याला १४ तास, वर्षात ५० आठवडे काम केलं तर ७,७०० डॉलर होतात. उत्पन्न २१,६१४. रेघेच्या वर, पण फक्त ४६४ डॉलरने, आणि हे धोक्याचं आहे. दोघांचं बरंचसं उत्पन्न रुपयांत आहे. डॉलर ८८ वरून ९२ वर गेला तर तेच १२,२४,४०० रुपये १३,३०९ डॉलर होतात, बेरीज २१,००९ येते आणि घर रेघेखाली जातं. रुपया घसरला म्हणून टेक्सासमधला विमा जाणं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण गणित तसंच आहे.

उपाय सोपा आहे: रेघेला चिकटून राहू नये. १३३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २८,१२९ डॉलरपर्यंत, स्वतःचा वाटा २.१० टक्केच राहतो. आठवड्याला १८ तास केले तर पगार ९,९०० आणि उत्पन्न २३,८१४. डॉलर ९५ वर गेला तरी २२,७८८. स्वतःचा हप्ता वर्षाला ५०० डॉलर, महिना ४२ च्या आत. पगारातून ७.६५ टक्के, म्हणजे ७५७ डॉलर, सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरसाठी कापले जातात. आयकर शून्य, कारण २०२६ ची जोडप्याची प्रमाणित वजावटच ३२,२०० आहे. २०२६ मध्ये १,८९० डॉलर पगाराला एक तिमाही जमा होते, म्हणजे या नोकरीत वर्षाच्या चारही जमा होतात.

दुसरा रस्ता भांडवली नफ्याचा. वडिलांकडे जुने शेअर असतील तर नफ्यातले विकून ९,००० डॉलरचा नफा त्याच वर्षात दाखवता येतो. अमेरिकेत या उत्पन्न-पातळीवर त्यावर कर पडत नाही. भारतात सव्वा लाखापुढच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के द्यावे लागतात, म्हणजे इथे साधारण ८३,००० रुपये. पण हा उपाय दरवर्षी पुरत नाही. शिवाय भारतीय म्युच्युअल फंड विकायला जाऊ नये. त्यांना अमेरिकेत वेगळे, कडक नियम लागतात, फॉर्म ८६२१ भरावा लागतो आणि नफ्याचा काही भाग उत्पन्नाच्या बेरजेत येतच नाही.

अर्ज भरताना

अर्जात २०२६ चं अपेक्षित उत्पन्न लिहायचं, मागच्या वर्षीचं नाही. ग्रीन कार्डवरचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याचा ओळख क्रमांक), कार्ड नंबर आणि मिळाल्याची तारीख अचूक हवी, कारण पाच वर्षांच्या अटीची तपासणी त्यावरूनच होते. पत्ता, घरातली माणसं आणि करपत्रक कोण कसं भरणार हे नीट लिहायचं. मुलाच्या घरात राहत असले तरी कर-घर वेगळं, दोघांचंच. ‘घरात सहा जण’ असं लिहिलं की मुलाचं उत्पन्न आत येतं आणि सगळं फिस्कटतं.

मागच्या करपत्रकात १०० टक्क्यांच्या खालचा आकडा आणि अर्जात वरचा, असं दिसलं की जादा पुरावे मागायचे, असा नियम जून २०२५ मध्ये आला होता. मेरीलँडच्या संघीय न्यायालयाने ‘सिटी ऑफ कोलंबस विरुद्ध केनेडी’ या खटल्यात २२ ऑगस्ट २०२५ ला त्याला आणि आणखी काही तरतुदींना स्थगिती दिली. स्थगिती अंतरिम आहे, तेव्हा कागद तयार ठेवावेत: नोकरीचं पत्र आणि सुरुवातीच्या पगाराच्या पावत्या, बँकेचे व्याज-दाखले, निवृत्तिवेतनाची स्लिप, नोंदणीकृत भाडेकरार, सोसायटीच्या पावत्या. मराठीतल्या कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावं.

अंदाज प्रामाणिक असेल, मार्केटप्लेसने त्यावर आगाऊ क्रेडिट दिलं आणि वर्षअखेर उत्पन्न थोडं रेघेखाली आलं, तर कर-नियमांत संरक्षण आहे: क्रेडिट परत मागत नाहीत. मात्र माहिती मुद्दाम किंवा बेफिकिरीने खोटी दिलेली नसावी. नोकरी ठरलेली नसताना ‘करू काहीतरी’ म्हणून आकडा फुगवला तर या संरक्षणावर विसंबू नये.

आगाऊ क्रेडिट न घेता पूर्ण हप्ते भरून वर्षअखेर एकदम क्रेडिट मागता येतं, पण पॉलिसी मार्केटप्लेसमधूनच घेतलेली हवी. कंपनीकडून थेट घेतलेल्या त्याच प्लॅनवर एक डॉलरही परत येत नाही. कॉस्ट शेअरिंगची सवलतही मागाहून मिळत नाही, आणि १०० टक्क्यांच्या खाली घसरल्यास वरचं संरक्षण नसतं. महिना २,५२५ भरत राहण्याची ताकद असेल तरच हा विचार करावा.

आपोआप नूतनीकरणावर सोडणं सर्वात महाग पडतं. ऑटो-पे चालू असेल तर मुलाच्या खात्यातून पूर्ण रक्कम जाते. नसेल तर सबसिडीवाल्यांना मिळणारी तीन महिन्यांची मुदत इथे नाही, साधारण महिन्याभरात पॉलिसी बंद पडते. हप्ता न भरल्याने विमा गेला तर मधल्या काळात पुन्हा शिरायला विशेष मुदत मिळत नाही. कमी उत्पन्नवाल्यांना कोणत्याही महिन्यात शिरण्याची जी सोय होती, तीही ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली. २०२७ च्या विम्यासाठी नोंदणी १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर २०२६ एवढीच असेल. पूर्वी जानेवारीच्या मध्यापर्यंत हातात असलेला महिना आता नाही.

वर्षभरात काय बिघडू शकतं

साताऱ्याजवळचा एखादा प्लॉट विकला. नफा ६५,००० डॉलर. उत्पन्न ८८,८१४ होतं, ४०० टक्क्यांच्या रेघेच्या वर. वर्षभर मिळालेलं सगळं क्रेडिट, जवळपास २९,८०० डॉलर, एप्रिलमध्ये एकरकमी परत. हेच २०२५ मध्ये झालं असतं तर ८.५ टक्के, म्हणजे साधारण ७,५५० स्वतःचे भरून बाकीचं क्रेडिट राहिलं असतं. विक्री करायचीच असेल तर ती कोणत्या वर्षात पडते हे आधी पाहावं.

कोथरूडच्या फ्लॅटचं वेगळं आहे. विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं मालक म्हणून त्यात राहिलेलं असेल तर जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा वगळता येतो, घर भारतात असलं तरी. दोघं ऑगस्ट २०२४ पर्यंत तिथे राहिले, म्हणजे ही सवलत ऑगस्ट २०२७ पर्यंत. घेतलेल्या घसाऱ्याएवढा भाग तेवढा उत्पन्नात येतो. त्यानंतर विकला तर पूर्ण नफा.

वर्षअखेर मार्केटप्लेसकडून हप्ते आणि क्रेडिट दाखवणारा फॉर्म १०९५-ए येतो. तो घेऊन क्रेडिटचा हिशोब मांडणाऱ्या फॉर्म ८९६२ सह संयुक्त करपत्रक भरायचंच, उत्पन्न करपात्र नसलं तरी. मुदत ठेवींचे ५५ लाख हे १०,००० डॉलरच्या कितीतरी वर आहेत, म्हणून परदेशी खात्यांची एफबार नोंदही दरवर्षी लागते. ती कराची नाही, माहितीची नोंद आहे, पण दंड मोठा आहे.

हे सगळं ऑगस्ट २०२९ पर्यंत चालवायचं आहे. तेव्हा पाच वर्षं पूर्ण होतील, आईही ६५ ची झालेली असेल, आणि दोघांना मेडिकेअर विकत घेता येईल. २०२६ च्या दराने भाग ए (रुग्णालयाचा खर्च) महिना ५६५ आणि भाग बी (डॉक्टर, तपासण्या) २०२.९०, दोघांचे मिळून १,५३५.८०. भाग ए फुकट नसल्याने मेडिकेअर न घेता मार्केटप्लेसवरच सबसिडीसह राहायलाही मुभा आहे, पण भाग बी उशिरा घेतला तर दर बारा महिन्यांमागे १० टक्के दंड कायमचा चढतो. नोंदणीची सात महिन्यांची खिडकी मे ते नोव्हेंबर २०२९ ची. ती उघडण्याआधी, त्या वर्षीचे दर हातात घेऊन, दोन्ही आकडे शेजारी मांडावे लागतील.